माधवराव रानडे आणि गिरण्यांचे ठिकाण

महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मले, तेव्हा महाराष्ट्रात रेल्वेचा एक मैलही रूळ पडलेला नव्हता आणि वाफेवर चालणारी एकही कापडगिरणी नव्हती. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्या एकट्या शहरात ऐंशीहून अधिक गिरण्या होत्या आणि बोरीबंदरला गाडीत बसलेला प्रवासी लोहमार्गाने थेट कलकत्ता किंवा मद्रास गाठू शकत होता. एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस कमी पडलेले हे आयुष्य आणि भारताचा बाजार जगाच्या बाजाराला जोडला जाण्याचा काळ, हे दोन्ही एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात.

मराठी वाचकाला रानडे ठाऊक असतात ते प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, विधवाविवाहाचे कैवारी, सार्वजनिक सभेचे सूत्रधार आणि गोखल्यांचे गुरू म्हणून. अर्थचिंतक रानडे मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच राहिले. हे आपले दुर्दैव म्हणावे लागेल, कारण आज युरोपीय संघापासून आखाती देशांपर्यंत जिथे जिथे सीमा खुल्या करण्याची चर्चा चालते, तिथे तिथे निघणारा एक प्रश्न त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून मांडला होता. दोन बाजारांमधली भिंत पडली आणि वाहतूक स्वस्त झाली, की कारखाने दोन्हीकडे सारखे पसरतात, की एकाच बाजूला गोळा होतात? आणि ज्या बाजूला ते गोळा होत नाहीत, तिथल्या माणसांनी करायचे काय?

वडील गोविंदराव सरकारी कारकुनीतून पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले, त्यामुळे माधवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा अबोल होता आणि दिसायला मंद वाटे. त्याच्या बुद्धीचा अंदाज घरच्यांनाही उशिराच आला, असे चरित्रकार सांगतात. पुढील शिक्षणासाठी तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आला. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेत तो उत्तीर्ण झाला आणि १८६२ साली विद्यापीठाने जे पहिले चार पदवीधर बाहेर काढले त्यांत रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, बाळ मंगेश वागळे होते आणि वामन आबाजी मोडक होते. अतिवाचनाने डोळे अधू झाले ते कायमचेच. एम. ए. १८६४ साली आणि कायद्याची पदवी १८६६ साली झाली. मधल्या काळात त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये शिकवले आणि ‘इंदुप्रकाश’ पत्राची इंग्रजी बाजूही सांभाळली.

पदव्यांची ही यादी लवकर आटोपलेली बरी, कारण त्या वर्षांत खरे शिक्षण वर्गाबाहेर चालले होते. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांचे दलाल मुंबईकडे वळले. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस मिळेल त्या भावाला उचलला जाऊ लागला. युद्धाच्या काळात नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मुंबईत आले, असा त्या काळचा अंदाज होता. पैशाला जागा अपुरी पडली. रोज नवी बँक आणि नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी घरातले दागिने मोडले गेले. प्रेमचंद रायचंद हे या लाटेचे अनभिषिक्त राजे होते. त्यांच्याच देणगीतून पुढे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली आणि कापसाचा भाव गडगडला. १ जुलैला वायद्यांची देणी चुकती करायची होती, पण ती चुकती करण्याची ऐपत फारच थोड्यांत उरली होती.

रानडे तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि हे सारे त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते. व्हर्जिनियातल्या एका लढाईने खानदेशच्या शेतकऱ्याच्या घरी सोन्याच्या पाटल्या येऊ शकतात आणि तिथल्याच दुसऱ्या एका घटनेने त्या सावकाराकडे जाऊही शकतात. जोडलेला बाजार म्हणजे काय, हे त्या पिढीला यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी शिकवू शकले नसते.

पूर ओसरला तरी गाळ राहतो. मुंबईत शिल्लक राहिलेले भांडवल गिरण्यांकडे वळले. कावसजी दावरांनी पहिली गिरणी १८५४ साली काढली होती. १८६५ साली गिरण्या दहाच्या आसपास होत्या आणि नंतरच्या दशकांत त्यांची रांगच लागली. आता गंमत पाहा. मुंबई बेटावर कापूस पिकत नाही, कोळसा निघत नाही, पुरेसे मनुष्यबळही नव्हते. असे असताना गिरण्या तिथेच का? कारण निर्यातीसाठी कापूस तिथे येतच होता. त्यासाठीच तर रेल्वे बांधली होती. भोर घाटाचा चढ सात वर्षे खपून, पंचवीस बोगदे खणून १८६३ साली खुला झाला. थळ घाट १८६५ साली पार झाला आणि १८६७ साली गाडी नागपूरला पोहोचली. यंत्रे लँकेशायरहून जहाजाने बंदरात उतरत आणि कोळसाही विलायतेहून जहाजानेच येई. कापसाच्या व्यापारात मुरलेले पारशी, भाटिया आणि बगदादी ज्यू भांडवलदार तिथेच राहत. कामकरी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गलबताने आणि आगबोटीने येत, नाहीतर घाटावरून पायी किंवा गाडीने. बरेचसे सूत चीनला जाई, म्हणजे पुन्हा बंदरच हवे. एकदा दहा गिरण्या झाल्या, की यंत्रदुरुस्ती करणारा फिटर तिथे सापडतो, जुन्या चात्या विकत मिळतात, मुकादमाला माणसे कुठून आणायची ते ठाऊक असते आणि सुताचा दलाल दारात येतो. म्हणून अकरावी गिरणी पहिलीपेक्षा सोपी पडते. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि मुंबई-लिव्हरपूल अंतर हजारो मैलांनी घटले. त्याचा फायदाही आधी बंदरालाच झाला.

याला अपवाद होते, पण ते अपवादच. जमशेटजी टाटांनी मुंबईची वाट सोडून कापसाच्या मुलखात, नागपूरला, १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच साली सोलापूरची जुनी मिल चालू झाली. बाकी देशावरच्या गावांना रेल्वेने बहुधा एकच काम दिले, ते म्हणजे कच्चा माल गोळा करून स्टेशनावर आणणे. मालवाहतुकीचे दर बंदराकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या मालाला सवलतीचे असत. एका आतल्या गावाहून दुसऱ्या आतल्या गावी जाणारा माल त्या मानाने महाग पडे.

रानडे १८७१ साली पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभा वर्षभरापूर्वीच स्थापन झाली होती आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण होते. काकांनी अंगावर जाडेभरडे देशी कापड चढवले आणि तो वेष घालून ते १८७७ च्या दिल्ली दरबारात गेले. रानड्यांचा स्वभाव निराळा होता. वस्त्रापेक्षा ते कोणत्या हिशेबाने महाग किंवा स्वस्त झाले, याकडे त्यांचे लक्ष जाई. सभेच्या त्रैमासिकात १८७८ पासून जमीनमहसूल, चलन, जकात, दुष्काळ अशा विषयांवर जे लेख निघाले, त्यांतले कितीतरी त्यांच्या हातचे होते, मात्र त्यांवर नाव नसे. सरकारी नोकराला नाव घालणे परवडणारे नव्हते.

त्यांच्या घरगुती आयुष्याविषयी एवढेच सांगणे पुरे, की पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ साली, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून, विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. त्या मुलीला त्यांनी शिकवले आणि तिच्यातून रमाबाई रानडे घडल्या, हेही तितकेच खरे. अधू डोळ्यांच्या नवऱ्याला वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवणाऱ्यांत पुढे त्याच होत्या.

दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सुप्यात सावकारांची दप्तरे जाळली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड आणि पुण्यातल्या बुधवार वाड्याची आग १८७९ साली झाली. सरकारच्या संशयाची सुई रानड्यांकडेही वळली. त्यांची बदली धुळ्याला झाली आणि काही काळ त्यांचा टपाल फोडून वाचला जाई. खानदेश हा तर कापसाचाच मुलूख. अमेरिकन युद्धाच्या तेजीत फुगलेली जळगावची पेठ, स्टेशनाकडे जाणारी गाड्यांची रांग आणि त्या कापसाचे कापड होऊन परत येणारे गठ्ठे, हे सगळे त्यांच्या जिल्ह्यातच होते.

त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि संशय निवळल्यावर त्याच्या अंमलबजावणीत रानड्यांना विशेष न्यायाधीशाचे साहाय्यक नेमण्यात आले. १८८७ पासून ते स्वतःच विशेष न्यायाधीश झाले. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत ते वर्षानुवर्षे फिरले. खेड्याखेड्यांतली कज्जेदलाली ऐकताना त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली असणार. जमिनीवर माणसांचा भार वाढत होता. त्यांतले सगळे पिढीजात शेतकरी नव्हते. माग गुंडाळलेले साळी-कोष्टी होते आणि रंगाऱ्याचे काम गेलेले रंगारी होते. विलायती सुताने चरखा आधीच बंद पाडला होता. ज्या विणकरांनी गिरणीचे सूत घेऊन लुगडी विणण्याचा मार्ग धरला, ते सोलापूर, येवले, मालेगावसारख्या ठिकाणी टिकले. बाकीच्यांना शेत किंवा गिरणगाव.

या साऱ्या निरीक्षणाला सिद्धांताचे रूप मिळाले ते १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात. विषय होता भारतीय अर्थशास्त्र. त्या काळी विद्यापीठांत शिकवले जाणारे अर्थशास्त्र सांगे, की प्रत्येक देशाने आपल्याला निसर्गतः जमेल ते करावे. उष्ण कटिबंधाने कच्चा माल पिकवावा, समशीतोष्ण देशांनी त्याच्या वस्तू बनवाव्यात आणि व्यापार खुला ठेवला की दोघांचे भले होईल. रानड्यांनी या मांडणीच्या मुळाशीच हात घातला. अर्थशास्त्राचे नियम पदार्थविज्ञानाच्या नियमांसारखे सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत, ते देश-काल-परिस्थितीने बांधलेले असतात, ही त्यांची पहिली पायरी. दुसरी पायरी इतिहासाची. जो देश शतकानुशतके जगाला कापड पुरवत होता, त्याला निसर्गाने कापड विणायला नालायक ठरवले असे म्हणणे हास्यास्पद आहे. निसर्ग तोच होता, बदलली होती ती सत्ता, यंत्रे आणि वाहतूक.

तिसरी पायरी सर्वांत धारदार होती. रेल्वे आणि कालव्यांनी व्यापार वाढला, हे त्यांना मान्य होते. पण याच साधनांनी युरोपीय मालाशी स्पर्धा आधी फक्त बंदरापुरती होती ती देशाच्या कानाकोपऱ्यात नेली आणि कच्चा माल बाहेर नेणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे केले, असे त्यांनी दाखवले. पूर्वी लांबचा रस्ता आणि घाटाचा चढ हेच एखाद्या गावच्या विणकराचे संरक्षण होते. लोखंडी रूळ आला आणि ते संरक्षण गेले. भारत इंग्लंडसाठी एका प्रचंड मळ्याच्या जागी आला, जिथे पीक काढायचे, इंग्रजी जहाजांतून पाठवायचे आणि तिकडच्या कसबाने व भांडवलाने तयार झालेला माल परत विकत घ्यायचा. शहरे आणि धंदे ओसरून माणसे मातीकडे लोटली जाण्याच्या या क्रियेला त्यांनी ग्रामीणीकरण म्हटले, आणि दुष्काळाच्या भीषणतेचे एक कारण त्यांना यातच दिसले. ज्या समाजाला शेतीवाचून दुसरा आधार नाही, त्याचा सगळा डाव पावसाच्या हाती.

हे बोलताना त्यांच्यासमोर एक जर्मन माणूस होता. फ्रीडरिख लिस्ट १७८९ साली रॉयटलिंगनला जन्मला, सरकारशी भांडण होऊन देशोधडीला लागला, काही वर्षे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहिला आणि तिथे त्याने जर्मन भाषेत वर्तमानपत्रही चालवले. परत येऊन त्याने जर्मन राज्यांमधली जकातनाकी उठवावीत आणि सगळ्यांना जोडणारी रेल्वे बांधावी यासाठी आयुष्य झिजवले. जर्मन जकातसंघ १८३४ साली झाला. लिस्टची शिकवण दुहेरी होती. आतल्या भिंती पाडा, पण आपले उद्योग तरुण आहेत तोवर बाहेरची भिंत उभी ठेवा, नाहीतर खुल्या बाजारात सगळे कारखाने आधीच पुढे गेलेल्या इंग्लंडकडे ओढले जातील. रानड्यांना हे मनोमन पटले. पण याच लिस्टने उष्ण कटिबंधातल्या देशांना मात्र शेतीच सोयीची, असे ठरवून टाकले होते. रानड्यांनी त्याचे अस्त्र घेतले आणि त्याने आखलेली मर्यादा नाकारली. शिष्याने गुरूचे निम्मेच ऐकावे याचे हे उत्तम उदाहरण.

हिंदुस्थानची गोष्ट जर्मनीशी ताडून पाहिली तर रानड्यांची तळमळ अधिक समजते. आतल्या भिंती इथेही पडल्या होत्या. प्रांतांतल्या वाहतुकीवरच्या जकाती १८३० आणि १८४० च्या दशकांत उठल्या आणि देशाच्या मधोमध मिठासाठी घातलेले काटेरी कुंपणही १८७९ साली मोडण्यात आले. रेल्वेही बांधली गेली. म्हणजे लिस्टचा निम्मा कार्यक्रम इंग्रजांनी पुरा केला. उरलेला निम्मा त्यांनी नेमका उलटा केला. लिटनने १८७९ साली आपल्याच मंडळातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात काढली आणि १८८२ साली जवळजवळ सगळाच आयात कर गेला. घर आतून एकसंध झाले आणि पुढचा दरवाजा बिजागऱ्यांसकट काढून ठेवला.

रानड्यांना रडगाणे मान्य नव्हते. एकदा जोडलेला बाजार तोडता येणार नाही आणि तोडूही नये, अशी त्यांची धारणा होती. चरख्याकडे परत जाण्याची कल्पना त्यांना कधी मोहवू शकली नाही. त्यांना यंत्र हवे होते, मोठे भांडवल हवे होते. गिरणी हीच राष्ट्राची मोठी शाळा आहे, असे ते मानत. प्रश्न फक्त तिचे ठिकाण कोणते हा होता. पश्चिम भारताची औद्योगिक परिषद १८९० साली पुण्यात भरली, तिच्यामागे तेच होते. जावा बेटावरील डच राजवटीचा अभ्यास करून त्यांनी त्याच वर्षी निबंध लिहिला. तिथल्या सक्तीच्या लागवडीचा त्यांनी पुरस्कार केला नाही, पण सरकारने खासगी कारखानदाराला आगाऊ रक्कम द्यायची आणि माल घेण्याची हमी द्यायची, ही पद्धत त्यांनी उचलून धरली. टपालाच्या बचत बँकांत साठलेला लोकांचा पैसा सरकारने स्वस्त व्याजाने नगरपालिका आणि जिल्ह्यांच्या लोकल बोर्डांना द्यावा, आणि त्यांनी तो आपापल्या मुलखात नवे धंदे काढणाऱ्यांना द्यावा, अशी त्यांची सूचना होती.

या सूचनेकडे आजवर फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तिच्यात आतल्या गावाची काळजी आहे. भांडवल बंदरात साचते आणि ज्याच्याकडे साचते तो ते बंदरातच गुंतवतो, हे चक्र मोडायचे तर पैसा जिल्ह्यात खेळवावा लागेल, हे त्यांनी ओळखले होते. तरीही म्हणावे लागेल, की त्यांचा मुख्य रोख लँकेशायर आणि हिंदुस्थान यांच्यातल्या विषमतेवर राहिला. मुंबई आणि देश, बंदर आणि आतला मुलूख, यांच्यातली तीच विषमता त्यांच्या लिखाणात मागेच राहते. १८९३ च्या परिषदेत हिंदी कारखानदारीचा आढावा घेताना त्यांना वारे फिरल्याची आशादायक चिन्हे दिसली. पक्क्या मालाची निर्यात वाढत होती, कच्च्याचे प्रमाण उतरत होते. हे खरेच होते. पण ती वाढ दोन-चार शहरांच्या धुराड्यांतून निघत होती, आणि येवल्याच्या किंवा संगमनेरच्या विणकराला ती मँचेस्टरची आहे की परळची, याने फारसा फरक पडत नव्हता.

लोखंडावरचा त्यांचा निबंध मात्र आजही वाचण्याजोगा आहे. मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो आणि बेपूर इथे इंग्रज उद्योजकांनी काढलेले कारखाने का बुडाले आणि बंगालमध्ये बराकरचा प्रयत्न कसा धडपडत होता, याचा तपशील त्यांनी मांडला. एकट्या पडलेल्या कारखान्याला ना पुरेसे जळण, ना भांडवल, ना ठरलेले गिऱ्हाईक. हजारो मैलांचे रूळ अंथरणारे सरकार लोखंड विलायतेहून आणत होते. त्याने इथल्या मालाच्या खरेदीची हमी दिली असती, तर देशात लोहधंद्याने केव्हाच मूळ धरले असते, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पुण्यातही या काळात कापूस-रेशमाची गिरणी, कागदाची गिरणी असे जे उद्योग उभे राहिले, त्यांच्या पाठीशी रानड्यांच्या वर्तुळातली माणसे होती. त्यांतले सगळे काही भरभराटले नाहीत.

कारखाना माणसापर्यंत येत नसेल, तर माणूस कारखान्यापर्यंत किंवा मळ्यापर्यंत जाणार. हा धागाही त्यांनी सोडला नाही. हिंदी लोकांच्या परदेशगमनावर त्यांनी १८९३ साली स्वतंत्र निबंध वाचला. मॉरिशस, नाताळ, त्रिनिदाद, गियाना इथे करारावर गेलेल्या मजुरांची संख्या, मजुरी आणि बचत यांचे आकडे त्यांनी गोळा केले. या मजुरांत कोकणातून मॉरिशसला गेलेले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. जमिनीवरचा भार हलका करण्याचा एक मार्ग म्हणून रानड्यांनी या स्थलांतराकडे सहानुभूतीने पाहिले. कराराच्या जाचाची बाजू त्यांनी हलक्या हाताने हाताळली, असे आजच्या वाचकाला वाटेल, आणि तसे वाटणे चुकीचे नाही. तरी समुद्र ओलांडणाऱ्या साध्या मजुराचा अर्थशास्त्रीय विचार करणारे सुशिक्षित त्या काळच्या पुण्यात दुसरे किती होते? ज्या १८९२ साली डेक्कन कॉलेजातले ते व्याख्यान झाले, त्याच साली याच रानड्यांना पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका कप चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. घरच्यांच्या आणि स्नेह्यांच्या सोयीसाठी त्यांनी ते घेतले आणि सुधारकांचेही बोल ऐकून घेतले.

काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या अकाली निधनानंतर १८९३ साली रानडे उच्च न्यायालयावर आले आणि पुण्याहून मुंबईला गेले, त्याच शहरात जिथे तेजी-मंदीचा पहिला धडा मिळाला होता. आता गिरणगावची धुराडी सगळीकडे दिसत होती. सरकारला पैशाची चणचण भासली म्हणून १८९४ साली आयात कर पुन्हा बसला, पण लँकेशायरच्या दडपणाखाली इथल्या गिरण्यांवरही तितकाच कर लादण्यात आला. १८९६ साली दोन्ही कर साडेतीन टक्क्यांवर आणून ठेवले. आयात कापडावर साडेतीन, देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन, म्हणजे संरक्षणाची नुसती सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. न्यायाधीशाच्या पदावर बसून त्यांना जाहीर बोलता येत नव्हते. त्यांच्या वतीने बोलणारे तयार झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातातल्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी आणि रानडे या दोघांची वर्षांची मेहनत होती.

सार्वजनिक सभा १८९५ साली टिळकपक्षाच्या हाती गेली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि गिरणगाव ओस पडू लागला. कामगार मिळेल त्या गाडीने आणि बोटीने गावाकडे पळाले. चाळींत माणसे कोंबून उद्योग एका बेटावर रचल्याची किंमत साथीने वसूल केली. चीनच्या बाजारात जपानी सुताची स्पर्धाही आता जाणवू लागली होती. रानड्यांचे आर्थिक निबंध याच सुमारास पुस्तकरूपाने निघाले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा ग्रंथ १९०० साली आला. प्रकृती तोवर ढासळली होती.

त्यांच्या पश्चात चार वर्षांनी, १९०५ साली बनारसला काँग्रेसबरोबरच अखिल भारतीय औद्योगिक परिषद भरली. १८९० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या प्रयत्नाचाच तो विस्तार होता. साकचीच्या माळावर, बंदरापासून दूर आणि खनिजाच्या जवळ, टाटांच्या कारखान्यात १९१२ साली पोलाद तयार झाले आणि पहिल्या महायुद्धात तेच सरकार त्या पोलादाचे गिऱ्हाईक बनले. देशी कापडावरचा साडेतीन टक्के कर स्थगित व्हायला मात्र १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. आणि इचलकरंजीत, जिथे ना बंदर होते ना गावात रेल्वे, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्यामागे संस्थानिक घोरपड्यांचा आश्रय होता. पुढे त्या एका मागाभोवती गाव नव्हे, आख्खे शहर वाढले.